मधी काच नको

२७ जुलै

ताई,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिणार होते, पण तू वाचून फिसकन हसली असतीस, म्हणून गाळला. तुझ्या फोनवर माझा नंबर तुझ्या लग्नापासून बंद आहे. आम्ही लग्नाला आलो नाही, तेव्हा तू बंद केलास ते बरोबरच केलंस. म्हणून हे पत्र. महादू नारळ घेऊन फोंडाघाटच्या बाजाराला येतो, त्याच्या हाती देतेय. तुमच्या चष्म्याच्या दुकानात नुसतं टाकून ये, बसू नकोस, असं बजावलंय. तो बसेलच. जितेंद्र भावोजींनी चहा विचारला तर दोन कप पिईल.

काम असं आहे की मला लेन्सच्या सोल्युशनची एक मोठी बाटली हवी. मालवणातला दुकानदार पंधरवडाभर 'मागवलंय, मागवलंय' करतोय. कुडाळला जायला मला उसंत नाही, नागपंचमी तोंडावर आली. लोक गणपतीचे पाट आणून ठेवायला लागलेत, आपल्या गणपतीच्या शाळेत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या बाटलीत तळाशी थोडंसं आहे. रोज डबीत जुन्यावरच चार थेंब नवीन घालते आणि भागवते.

हो, बरोबर वाचलंस. मी लेन्स लावते, मऊवाल्या, महिन्याच्या. दोन्ही डोळ्यांना उणे पाच. डी.एड.ला होस्टेलवर होते तेव्हाच नंबर लागला. तिथे चष्मा, आणि मालवण स्टँडवर उतरायच्या आधी चष्मा पिशवीत. सुट्टीभर घरी चाचपडत वावरायचे. बाबांना वाटायचं, चेडू शिकून नम्र झालं, मान खाली घालून चालतं. मान खाली होती कारण पायरी दिसत नव्हती.

तुझं काय झालं ते मी बघितलं होतं ना. शाळेतल्या सगळ्या मूर्तींचे डोळे तू आखायचीस. लोक पाट ठेवतानाच बाबांना सांगायचे, 'दत्ताराम, डोळे तुज्या थोरल्या भक्तीनच काडूक व्हये.' आणि एका वर्षी तू चष्मा लावून बसलीस. बाबा ओरडलेसुद्धा नाहीत. 'देवाच्या नि आपल्या मधी काच नको. आजोबांनी पाळलां, मियाय पाळतलंय,' एवढंच म्हणाले आणि रंगाच्या वाट्या माझ्यापुढे सरकवल्या. मी बसले. चौदा वर्षांची होते गो. मला कुंचला मिळाला, एवढंच कळलं. तुझी जागा गेली हे कळायला पुढे स्वतःला नंबर लागावा लागला.

बाबांना जवळचं दिसेनासं झालं तेव्हा तेही आपण होऊन उठले. नियम सगळ्यांना सारखा, हे त्यांचं मानावं लागेल. आता तर त्यांचा हातही थरथरतो. डोळे आखणारी मी एकटी उरले.

नाकाला नाक लावलं तर मला चष्म्याशिवाय एक डोळा आखता येतो. पण दोन्ही बुबुळं एका रेषेत आहेत का, पुढे बसणाऱ्याकडे गणपती बघतोय की त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे, हे बघायला चार पावलं मागे व्हावं लागतं. मागे झालं की मला गणपतीच दिसत नाही. म्हणून लेन्स. बाबांना पत्ता नाही.

बाटली पाठव. उपदेश नको.

गौरजा


८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

ताई,

बाटली पोचली, आणि बाटलीपेक्षा जड तुझी चिठ्ठी. उपदेश नको म्हटलं होतं ना? मोठी बहीण असण्याची हौस अजून फिटली नाही तुझी. पण अक्षर बघून बरं वाटलं. तुझा 'ळ' अजून गणपतीच्या सोंडेसारखाच आहे.

जुन्यावर नवीन ओतायचं नाही, कळलं. डबी रोज रिकामी करायची, सोल्युशननेच धुवायची, उपडी घालून सुकवायची. मी नळाखाली धरत होते. लेन्स तळहातावर चोळून धुवायची, हात आधी साबणाने धुवून कोरडे करायचे. हात मातीचे असतात गो माझे, नखांतली शाडू निघता निघत नाही, पण करीन. आणि दुपारी लेन्स घालून झोपते हे तुला कुणी सांगितलं? महादूने? त्याला काय ठाऊक! तू नुसता अंदाज मारलास आणि नेमका लागला.

तुझं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. 'खापरोळी नारळाचा गोड रस पिते तशी मऊ लेन्स पाणी पिते, त्यातली घाणही पिते.' भूक लागली वाचून.

आता ऐक आणि ओरडू नकोस. उजवा डोळा चार दिवस लाल आहे. गावात सगळ्यांचेच डोळे आलेत, गावच्या मराठी शाळेतली निम्मी पोरं घरी आहेत, तसेच माझेही आले असणार. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थेंब दिले. लेन्सचं त्यांना सांगितलं नाही, कारण बाहेरच्या बाकावर शेजारची हौसाबाई बसली होती. तिच्या कानावर गेलं म्हणजे रामेश्वराच्या देवळापर्यंत गेलं. संध्याकाळी तीच तगरीच्या कळ्या वाटीत भिजवून घेऊन आली. 'घाल गो डोळ्यात, थंड वाटतलां.' नाही घातलं. तुझ्या चिठ्ठीचा एवढा तरी धाक आहे.

फोनकडे बघवत नाही, उजेड टोचतो. कागद बरा. तू लिहिलंयस, डोळा लाल असला तर लेन्स काढून ठेव, एकही दिवस लावू नकोस. ताई, अर्ध्या मूर्तींचे डोळे व्हायचेत. सकाळी तेवढी लावते, जेवणवेळेला काढते.

बाकी सगळं तुझ्या वेळेसारखंच. मी अंघोळीच्या खोलीत कडी लावून लेन्स घालते, दुसरी आडोशाची जागा कुठे आहे आपल्या घरात? मग शाळेत आले की बाबा रामेश्वराच्या तळीच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभे. ओंजळ पुढे करायची, त्यांनी ओतायचं, त्यात तोंड बुडवून डोळे उघडायचे, आणि मगच कुंचला. आठवतं, तू एकदा हसलीस आणि पाणी तुझ्या नाकात गेलं? बाबांचा हात हल्ली इतका थरथरतो की अर्धं पाणी माझ्या कोपरावरून जातं. पण ते काम ते दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आई गेल्यापासून दिवसातून तेवढ्याच वेळी ते माझ्याजवळ उभे राहतात.

गौरजा


१४ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र महादूने मला गुरांच्या मांगराच्या मागे नेऊन दिलं, जसं काही प्रेमपत्र. तू शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं. तू लिहिलंस, 'गौरू, तुझ्या पाया पडते, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लेन्स आणि डबी दोन्ही बरोबर ने. तळीच्या पाण्याचं सांग.' पाया पडते म्हणे. लहानपणी माझी वेणी ओढायचीस तेव्हा बरी होतीस.

तोपर्यंत दुखणंही असं वाढलं होतं की लपवणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. डोळ्यात वाळू असल्यासारखं आधी वाटत होतं, आता आतून कुणी दाभण फिरवतंय. बाबांनीच कुडाळला नेलं. एसटीत मी पदर डोक्यावरून ओढून बसले होते.

डॉक्टरबाईंनी विचारायच्या आधीच मी डबी टेबलावर ठेवली. बाबा बाजूच्या स्टुलावर, छत्री गुडघ्यांत धरून.

'ह्यां काय?' बाबांनी विचारलं.

बाईंनीच सांगितलं त्यांना. शांतपणे, नीट मराठीत, की ही नंबरची लेन्स, हिच्या दोन्ही डोळ्यांना उणे पाच आहे. बाबा डबीकडे बघत राहिले. मग बाई माझ्याकडे वळल्या. लेन्स लावून झोपता? हो. डबी कशाने धुता? आधी नळाने, आता नाही. लेन्स डोळ्यात असताना पाणी गेलं? विहीर, तळं, समुद्र?

मी 'नाही' म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, 'नक्की.'

ताई, ते बाजूला बसले होते. रोज सकाळी ज्या हाताने ओततात तोच हात छत्रीच्या मुठीवर होता. मी कसं सांगू? लेन्सचा धक्का एक झाला. त्यावर आणखी हे, की देवाच्या तळीचं पाणी, आणि तुमच्याच हातचं? मला ते झालं नाही. बाईंनी नवीन औषध दिलं, दर तासाला घालायचं. लेन्स बंद म्हणाल्या. चार दिवसांत उतार पडला नाही तर पुढे पाठवीन म्हणाल्या.

घरी आल्यावर बाबा चुलीपुढे बसून म्हणाले, 'इतकी वर्सां?' मी हो म्हटलं. 'देवाक दिसत होतां. माका नाय दिसाक.' मग उठून शाळेत गेले आणि माती तुडवत बसले, मातीचं काहीही काम उरलेलं नसताना.

तू एवढी वर्षं चष्म्याच्या धंद्यात आहेस. मला खरं सांग. ओंजळभर पाण्याने एवढं होतं? क्षणभर तर उघडते मी डोळे. तळी स्वच्छ आहे, तळ दिसतो, आपण सगळे तेच प्यायलो. होत नाही असं लिही ना. एवढं एकदा खोटं लिही.

गौरजा


१८ ऑगस्ट

ताई,

नाही लिहिलंस खोटं.

'होतं,' एवढंच, आणि खाली चार ओळी. तळ दिसणाऱ्या पाण्यातही डोळ्यांना न दिसणारा जंतू असतो. पिऊन काही होत नाही, डोळ्यात नुसतं गेलं तरी बहुतेक वेळा काही होत नाही. पण लेन्स ते पाणी धरून ठेवते आणि दिवसभर बुबुळावर चिकटवून बसते. त्याचं औषध वेगळं, आणि पाण्याचं कळल्याशिवाय डॉक्टर ते शोधणार कसे. 'तू बाबांना वाचवत नाहीयेस, तू डोळा घालवतेयस.' हे वाचून मी तुझं पत्र चुलीत टाकलं. रागाने. मग पश्चात्ताप झाला, कारण त्यावर तुझे 'ळ' होते.

आता काय झालं ते सांगते. ओळी वरखाली जातायत, डाव्याच डोळ्याने लिहितेय.

लेन्स बंद झाल्यावर काल मी तशीच बसले. नाक मूर्तीला टेकवून पाटकरांच्या गणपतीचे डोळे आखले. मागे होऊन बाबांना विचारलं, कसे झाले? ओल्या फडक्याने त्यांनी ते डोळे पुसून टाकले. एक बुबुळ वर गेलं होतं. पाटकरांचा गणपती तिरळा झाला होता, ताई. मी आपली हसले, आणि मग रडले, आणि रडल्यावर तो डोळा इतका दुखला की खालीच बसले.

आज सकाळी बाबा तांब्या घेऊन आले. आखायला नव्हे. 'ओंजळ कर गो. रामेश्वराक सांगान हाडलंय. ह्या पाण्यान बरां जातलां.'

मी ओंजळ केली. त्यांनी ओतलं. आज दोन्ही हातांनी तांब्या धरला होता, एक थेंब सांडला नाही. पाणी माझ्या हातात होतं आणि ते वाट बघत उभे होते. मला वाटलं, बुडवावं तोंड. एकदाच तर. लेन्स नाही आता, होऊन होऊन काय होणार? तेवढंच त्यांचं समाधान. तुझ्या दहा चिठ्ठ्या आठवल्या नाहीत तेव्हा. आठवलं ते पाटकरांच्या गणपतीचं पुसलेलं तोंड, डोळे नसलेलं.

मी हात सोडले. पाणी त्यांच्या पायांवर गेलं.

'बाबा, ह्याच पाण्यान झालां,' मी म्हटलं. 'लेन्स घालून मी रोज ह्यात डोळे उघडत होते. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.'

मला वाटलं, ओरडतील. देवाच्या पाण्याला नाव ठेवतंस म्हणून. तेच मी इतके दिवस भीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, 'मियाच ओतलंय न्हय?'

मी 'तुमका खंय म्हायत होतां' म्हटलं, पण ते ऐकत नव्हते. खुंटीवरचा सदरा काढला, उलटाच घातला, आणि 'महादू, टेम्पो काढ' अशी हाक मारत पाणंदीतून धावत सुटले. धावताना त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

कुडाळच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, फक्त लिहायचं थांबल्या. मग म्हणाल्या, आजच गोव्याला जा, चिठ्ठी देते. महादूचा टेम्पो खाली उभा आहे. हे पत्र त्यालाच देते, आम्हाला सोडून परत जाताना तुझ्याकडे पोचवील.

मला भीती वाटते. बाकी काही नाही.

गौरजा


२३ ऑगस्ट, गोवा, इस्पितळ

ताई,

अक्षर बघून दचकू नकोस. बाबा लिहितायत, मी सांगतेय. मला कागदाकडे बघायची बंदी आहे, दोन्ही डोळ्यांना आराम द्यायचा आहे. ओळी माझ्यापेक्षा वाकड्या आल्या असतील तर त्यांच्या हातामुळे. (हात तितको वायट नाय. ही उगाच सांगता.)

बुबुळावरून खरवडून नमुना घेतला. सापडला तो, तू लिहिला होतास तोच, पाण्यातला. आता त्याचं खरं औषध सुरू झालंय. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. नर्सबाईंनी पहिल्या दिवशी घातले, तेव्हापासून बाबा घालतात. हात आधी साबणाने धुतात, कोपरापर्यंत. मग माझ्या कपाळावर मनगट टेकवतात म्हणजे बाटली हलत नाही. मूर्तीवर बारीक रेघ ओढताना मनगट टेकायचं, ते त्यांनीच आपल्याला शिकवलं होतं ना, तसं. एकदाही थेंब गालावर पडलेला नाही. (दोनदा पडलो. खोटां कशाक लिवा?)

डॉक्टर म्हणतात डोळा राहील. दिसणार किती ते आत्ता सांगत नाहीत. मधोमध पांढरा डाग पडलाय. वाफेने भरलेल्या काचेतून बघावं तसं दिसतं, खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. औषध कित्येक महिने चालेल. नंतर कदाचित दुसऱ्या कुणाचं बुबुळ बसवावं लागेल. आठवडाभर आधी आलात तर बरं झालं असतं म्हणाले. तो आठवडा माझा होता, बाबांचा नाही. बाबा, हे लिहा. (लिवलंय.)

लेन्सचा दोष नाही, असं डॉक्टरांनी बाबांना दोनदा सांगितलं. लाखो लोक लावतात, नीट लावतात, त्यांना काही होत नाही. जी गोष्ट लपवून करावी लागते ती नीट होत नाही, असं मीच म्हटलं त्यावर. तेही बाबा लिहितायत.

आता मला थेंब घालून झोपवतील. बाकीचं त्यांना स्वतःचं काही लिहायचंय म्हणतात, मला ऐकवणार नाहीत. लहान मुलासारखे कागद घेऊन खिडकीकडे जाणार म्हणे.

गौरजा


चि. भक्तीस,

अनेक आशीर्वाद. मला कागदावर बोलता येत नाही. नर्सबाईंचा जवळचा चष्मा मागून घेऊन दोन्ही पत्रे लिहितो आहे.

गौरजा निजली. निजेतही उजवा डोळा घट्ट मिटून धरते.

चवथ चार दिवसांवर आली. शाळेत अठ्ठावीस मूर्ती डोळ्यांशिवाय उभ्या आहेत. पाटकरांची आहे. आपल्या घरचीही आहे. लोकांचे फोन येतात, दुसरीकडून डोळे करून घेऊ का विचारतात. मी थांबा म्हटले आहे. कोणाच्या जिवावर म्हटले ते तू समजून घे.

तुझ्या हातातला कुंचला मी गेली अकरा वर्षे जपून ठेवला आहे. तो खारीच्या केसांचा, तू स्वतः बांधलेला. गौरजाला तो कधी दिला नाही. का दिला नाही ते विचारू नको.

जितेंद्रांना माझा नमस्कार सांग. त्यांनाही घेऊन ये. लग्न ठरले तेव्हा मी त्यांच्या चष्म्याच्या दुकानाविषयी जे बोललो ते त्यांच्या कानावर गेले असेल. समोर आले की माफी मागेन, पत्रात मागणे बरे दिसत नाही.

तळीचे पाणी यंदापासून मूर्तीच्या पायांवर घालायचे. माणसाच्या डोळ्यांत नाही. आजोबांना काय ते मी वर गेल्यावर सांगेन.

महादू परवा सकाळी तुझ्या दारात टेम्पो घेऊन येईल. मी इकडून हलू शकत नाही, दर तासाला थेंब आहेत. शाळेची किल्ली हौसाबाईकडे आहे. रंग कुठे असतात ते तुला ठाऊक आहे. काही हलवलेले नाही.

येताना तुजो चष्मो घेवन ये. दोन आसले तर दोनय घेवन ये.

बाबा